माउंटन बाइकचा टायर नेमका कोणी बनवला, हे कसे शोधावे

माउंटन बाइकसाठी पहिल्यांदाच टायर निवडणाऱ्या माणसासमोर एकदम वीस-पंचवीस नावे येतात, आणि थोडी चौकशी केली की कोणीतरी हमखास सांगते, ‘अहो, हे सगळे एकाच कारखान्यातून येतात, नाव तेवढे वेगळे.’ हे म्हणणे अर्धेच खरे आहे. सायकलचे टायर बनवणारे मोठे कारखाने मोजके आहेत आणि त्यांतील बरेचसे पूर्व व आग्नेय आशियात आहेत. मात्र एकाच छपराखाली तयार झालेले दोन टायर वजनाने, चिकटपणाने आणि दगड सोसण्याच्या ताकदीने एकमेकांपासून फार दूरचे असू शकतात. म्हणून कारखाना कसा शोधावा आणि सापडल्यावर त्या माहितीला किती किंमत द्यावी, या दोन्ही गोष्टी येथे क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी : ‘बनवला’ म्हणजे काय, हे ठरवून घ्यावे

टायर घडतो कसा, हे डोळ्यांसमोर असले की पुढचे प्रश्न आपोआप नेमके होतात. नैसर्गिक व कृत्रिम रबर, काजळी, सिलिका, तेल, राळ आणि गंधक हे सगळे मोठ्या मिक्सरमध्ये एकत्र मळले जाते. नायलॉनच्या धाग्यांच्या कापडावर या रबराचा पातळ थर रुळांखाली दाबून बसवतात, ते कापड साधारण ४५ अंशांच्या कोनात तिरपे कापतात आणि ढोलावर गुंडाळतात. दोन्ही कडांना पोलादी तारेची किंवा अ‍ॅरामिड या मजबूत कृत्रिम धाग्याची बीड, म्हणजे रिममध्ये बसणारी कड, ठेवून कापडाच्या कडा तिच्यावरून उलट्या दुमडतात आणि मधोमध जाड रबराची पट्टी चढवतात. या अवस्थेत टायरवर जमीन पकडणारा एकही रबरी ठोकळा नसतो. हातात घेतला तर तो टायर आहे यावर चटकन विश्वासही बसत नाही. मग तो साच्यात जातो, आतून रबरी फुगा त्याला साच्याच्या भिंतीवर दाबून धरतो, आणि उष्णतेने काही मिनिटांत रबर पक्के होऊन नक्षी उमटते.

या सगळ्यात चार निर्णय वेगवेगळ्या माणसांचे असू शकतात. नक्षी कोणी आखली, साचा कोणाच्या मालकीचा आहे, मिश्रणाची कृती कोणाची आहे आणि केसिंग, म्हणजे कापडाचा सांगाडा, किती थरांचा व कोणत्या धाग्याचा असावा हे कोणी सांगितले. यंत्रावर हात कोणाचा होता, हा पाचवा प्रश्न. सामान्यतः आपण फक्त या पाचव्याचे उत्तर शोधत बसतो. माझ्या मते ट्रेलवर, म्हणजे डोंगरातल्या पायवाटेवर, टायर कसा वागेल हे मिश्रण आणि केसिंग हे दोन निर्णय सर्वांत जास्त ठरवतात, आणि नेमके तेच बाहेरून सर्वांत कमी दिसतात.

दुसरी पायरी : नाव कोणत्या जातीचे आहे, ते ओळखावे

काही नावांच्या मागे त्यांचा स्वतःचा कारखाना असतो. मॅक्सिस हे तैवानच्या चेंग शिन रबर या कंपनीचे नाव आहे. ही कंपनी १९६७ साली सुरू झाली आणि सीएसटी हे दुसरे नावही तिचेच आहे. केंडा १९६२ सालची, तीही तैवानचीच, आणि दोन्ही कंपन्यांचे मूळ चांगहुआ या एकाच परगण्यात आहे. ड्युरो हे तैवानच्याच ह्वा फोंग या कंपनीचे नाव. चीनमधील हांगझोउच्या झोंगत्से रबरकडे चाओयांग हे नाव आहे, थायलंडची वी ही कंपनी स्वतःचे टायर स्वतःच घडवते, आणि चेक प्रजासत्ताकातील ओत्रोकोविसे येथे टुफो हा त्यामानाने लहान कारखाना आहे. इटालियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या व्हिटोरियाच्या समूहाचा कारखाना थायलंडमध्ये आहे. तेव्हा नाव इटालियन, कारखाना थाई आणि तरीही कारखाना स्वतःचाच, अशी ही गंमत आहे. यांतील बड्या कारखान्यांतून इतरांच्या नावाचेही टायर निघतात, आणि ‘सगळे एकाच कारखान्यातून येतात’ या समजाचा उगम तिथेच आहे.

दुसरी जात जुन्या भागीदारीची. श्वाल्बे हे जर्मनीतील राल्फ बोहले या कुटुंबाच्या कंपनीचे नाव आहे, पण टायर घडवण्याचे काम १९७३ पासून हुंग-आ या कोरियन कंपनीबरोबरच्या भागीदारीत चालते आणि आजचे कारखाने इंडोनेशिया व व्हिएतनाममध्ये आहेत. इथे ‘खरा निर्माता कोण’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देता येत नाही, कारण आखणी आणि मिश्रण यांचा विचार एका देशात व घडण दुसऱ्या देशात होत असली, तरी हा संसार अर्धशतकाचा आहे. दर हंगामाला नवा ठेकेदार गाठण्यातला हा प्रकार नव्हे.

तिसरी जात म्हणजे स्वतःचा टायर कारखाना नसलेल्या सायकल कंपन्या आणि सुट्या भागांच्या कंपन्या. स्पेशलाइज्ड या कंपनीने स्वतःच्या नावाने काढलेली पहिली वस्तू सायकल नव्हती, तर १९७६ सालचा टायर होता, आणि तो दुसऱ्याच्या कारखान्यात घडवून घेतलेला होता. अशा कंपन्या स्वतःची नक्षी, स्वतःचा साचा आणि स्वतःच्या अपेक्षा घेऊन कारखान्याकडे जातात. काही जण आपला निर्माता अजिबात लपवत नाहीत: रेने हर्स ही अमेरिकन कंपनी आपले टायर जपानमधील पॅनारेसर बनवते हे उघड सांगते. पॅनारेसर पूर्वी पॅनासॉनिक समूहात होती, आणि स्वतःच्या नावाबरोबरच इतरांसाठी टायर बनवण्याची तिची परंपरा जुनी आहे.

चौथी जात परवान्याची. मोठे, ओळखीचे नाव एका कंपनीचे असते आणि ते वापरण्याचा हक्क दुसरी कंपनी घेते. गुडइयर हे नाव २०१८ साली सायकलच्या टायरांवर पुन्हा आले ते अशाच परवान्याने, आणि ते टायर तैवानमध्ये बनू लागले. खरे तर या नावाचा इतिहासच उसनवारीचा आहे. रबर गंधकाने पक्के करण्याचे पेटंट १८४४ साली मिळवणारे चार्ल्स गुडइयर १८६० साली वारले. त्यांच्या नावाची कंपनी १८९८ साली निघाली आणि तिचा त्यांच्याशी किंवा त्यांच्या घराण्याशी काहीही व्यवहार नव्हता. त्याच पेटंटचे हक्क घेऊन हायरम हचिन्सन यांनी १८५३ साली फ्रान्समध्ये शालेत-सूर-ल्वाँ येथे कारखाना काढला. त्यांचे नाव आजही सायकलच्या टायरांवर आहे, आणि रबराच्या धंद्यात हक्क विकत घेऊन काम करणे किती जुने आहे, हे त्यावरून कळते.

नाव या चारांपैकी कोणत्या जातीत बसते, एवढे कळले तरी शोध निम्मा झाला. कंपनीच्या स्वतःच्या इतिहासाच्या पानावर बहुधा याचे उत्तर असते. कारखाना स्वतःचा असेल तर कंपनी तो अभिमानाने दाखवते; ‘आखणी अमुक देशात’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आणि घडणीचा उल्लेख टाळलेला दिसला, तर तिसरी किंवा चौथी जात गृहीत धरायला हरकत नाही.

तिसरी पायरी : साइडवॉल वाचावी

साइडवॉल म्हणजे टायरची बाजूची भिंत. टायर हातात असेल तर हीच पायरी सर्वांत मोलाची आहे, आणि त्यासाठी चांगला उजेड व शक्य असल्यास भिंग एवढेच साहित्य लागते.

प्रथम देशाचे नाव शोधावे. अमेरिकेत १९३० च्या टॅरिफ कायद्यानुसार आयात मालावर मूळ देश लिहावा लागतो, आणि तोच टायर जगभर विकला जात असल्याने हे नाव बहुतेक टायरांवर सापडते. कधी ते साच्यातच कोरलेले असते, कधी कागदी वेष्टणावर किंवा खोक्यावर असते. एकाच कंपनीच्या दोन टायरांवर दोन देश असले तर दचकू नये. उलट ती फार उपयोगी खूण आहे. कॉन्टिनेंटलचे ब्लॅक चिली मिश्रणाचे टायर जर्मनीतील कोर्बाख येथे बनतात, तर त्याच कंपनीच्या स्वस्त मालिका आशियातून येतात. त्यामुळे नुसते ‘कॉन्टिनेंटल जर्मन आहे’ असे म्हणून भागत नाही. कोणती मालिका, हे विचारावे लागते. काळानुसारही फरक पडतो. पिरेली २०१७ साली सायकलच्या टायरांकडे परतली आणि काही वर्षांनी तिने मिलानजवळच्या बोल्लाते येथील मोटारींच्या टायरांचा कारखाना सायकलच्या टायरांकडे वळवला. म्हणजे एकाच नावाबद्दल जुनी आणि नवी माहिती परस्परविरुद्ध असून दोन्ही आपापल्या काळात खऱ्या असू शकतात.

मोटारीच्या टायरवर अमेरिकन नियमानुसार कारखान्याचा संकेतांक असतो आणि तो वाचून नेमका कारखाना काढता येतो. सायकलच्या टायरला ही सोय नाही. सायकलच्या टायरवर अमेरिकन नियम हवेच्या दाबाची शिफारस मागतो, तीही किमान ३.२ मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, पण कारखान्याची ओळख मागत नाही. त्यामुळे साइडवॉलवर दिसणारा प्रत्येक गूढ आकडा म्हणजे कारखान्याचा संकेत, असा तर्क करू नये. बहुतेकदा तो साच्याचा क्रमांक किंवा उत्पादनाचा आठवडा असतो.

यानंतर कंपनीचे नाव बोटाने चाचपून पाहावे. नाव रबरातच उठून आलेले आहे, की वरून चिकटवलेल्या किंवा छापलेल्या पट्टीत आहे? नाव साच्यात कोरलेले असेल तर निदान साच्याचा तो भाग त्या कंपनीसाठी खास बनवलेला आहे. पूर्ण साचाच तिचा असेल असे मात्र नाही, कारण साच्यातील साइडवॉलची चकती बदलता येते. उलट रबरात फक्त माप, दाब आणि फिरण्याच्या दिशेचा बाण असेल आणि कंपनीचे नाव केवळ पट्टीत असेल, तर तोच साचा इतरांसाठीही वापरात असण्याची शक्यता बरीच वाढते. प्रत्येक मापाला स्वतंत्र साचा लागतो. २९ इंची, म्हणजे ६२२ मिलिमीटरच्या रिमसाठी एक आणि २७.५ इंची, म्हणजे ५८४ मिलिमीटरच्या रिमसाठी दुसरा, शिवाय प्रत्येक रुंदीला आणखी वेगळा. हा खर्च लहान कंपनीला झेपत नाही आणि ती कारखान्याकडे आधीच असलेल्या साच्यावर आपली पट्टी लावून घेते. यात फसवणूक काही नाही, फक्त मग त्या कंपनीच्या ‘खास नक्षी’च्या जाहिरातीकडे दुर्लक्ष करावे.

चौथी पायरी : कागदपत्रे पाहावीत, पण शब्द जपून वाचावेत

अमेरिकेत समुद्रमार्गे येणाऱ्या मालाच्या भरणापत्रांची, म्हणजे जहाजावर चढवलेल्या मालाच्या नोंदींची, माहिती सार्वजनिक असते, आणि तिच्यात माल पाठवणारा व घेणारा यांची नावे असतात. एखाद्या कंपनीच्या नावासमोर वारंवार एकाच टायर कारखान्याचे नाव येत असेल तर तो चांगला पुरावा आहे. एखाददुसरी नोंद मात्र फार काही सांगत नाही, कारण पाठवणारा हा पुष्कळदा व्यापारी असतो. परत बोलावलेल्या मालाच्या अधिकृत सूचनांमध्येही कोणत्या देशात बनला आणि आयातदार कोण, हे दिलेले असते.

युरोपातील लेबल वाचताना एक मेख ध्यानात ठेवावी. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या उत्पादन-सुरक्षा नियमानुसार वस्तूवर किंवा वेष्टणावर ‘निर्माता’ म्हणून नाव-पत्ता द्यावा लागतो. पण त्या नियमाच्या व्याख्येत जो स्वतःच्या नावाने विकण्यासाठी वस्तू दुसऱ्याकडून बनवून घेतो तोही निर्माताच आहे. म्हणजे वेष्टणावर ‘निर्माता’ म्हणून युरोपातला पत्ता दिसला, तरी टायर तिथे शिजला असे ठरत नाही. कायद्याला जबाबदार कोण हे हवे असते, साच्याजवळ कोण उभे होते हे नव्हे. आपल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा पत्ता वापरणे ही नवख्यांची अगदी नेहमीची चूक आहे.

पाचवी पायरी : सारखी नक्षी दिसली म्हणून सारखा टायर समजू नये

ही चूक मी स्वतः केलेली आहे. २९ बाय २.४ मापाचे दोन टायर माझ्याकडे होते, नावे दोन, मूळ देश एकच, आणि एकाची किंमत दुसऱ्याच्या निम्मी. टेबलावर शेजारी ठेवून पाहिले तर ठोकळ्यांची मांडणी जुळत होती, ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा जुळत होत्या, साच्याच्या हवेच्या छिद्रांतून बाहेर आलेले केसासारखे रबरी तंतूही त्याच त्याच जागी होते. साचा एकच, याबद्दल मला शंका उरली नाही, आणि मी स्वस्त टायर मोठ्या समाधानाने पुढच्या चाकाला चढवला.

पहिल्याच ओल्या उतारावर झाडाच्या मुळावरून पुढचे चाक साबणावरून घसरावे तसे सरकले. घरी येऊन, खरे तर आधीच करायला हवे होते ते काम केले. स्वस्त टायर वजनाला शंभरेक ग्रॅम जास्त भरला. कडा दाबल्यावर कळले की त्याची बीड तारेची होती आणि महागाची अ‍ॅरामिडची. कडकपणा मोजण्याच्या हातातल्या मीटरने दोन्हींच्या मधल्या ठोकळ्यांवर पाच-पाच वेळा मोजले. स्वस्त साठीच्या वर, महाग पन्नाशीच्या जवळ. हे आकडे शोर ए या मापाचे, आणि आकडा जितका लहान तितके रबर मऊ. मॅक्सिसच्या सुपर टॅकी मिश्रणाला ४२ए असे नाव दिलेले असते ते याच मापाने. दोन्ही टायर एकाच खोलीत काही तास ठेवून मगच मोजावेत, कारण थंड रबर उगीचच कडक भरते.

साचा एक, बहुधा कामगारही तेच, पण टायर दोन. हाच प्रकार एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या टायरमध्येही असतो, आणि तिथे तो जास्त लोकांना फसवतो. मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ साध्या एकेरी केसिंगमध्ये मिळतो तसाच उतारांसाठीच्या दुहेरी केसिंगमध्येही मिळतो. श्वाल्बेच्या एकाच नक्षीचा टायर परफॉर्मन्स मालिकेत वेगळा आणि इव्होल्यूशन मालिकेत वेगळा असतो. नव्या सायकलबरोबर आलेला टायर पुष्कळदा यांतील स्वस्त प्रकारचा असतो. त्यावरून त्या नावाबद्दल वाईट मत बनवणारे कितीतरी स्वार मी पाहिले आहेत, आणि दोष नावाचा नसून त्यांच्या वाट्याला आलेल्या प्रकाराचा असतो.

कापडातील दर इंचामागे धाग्यांची संख्या, म्हणजे टीपीआय, वाचतानाही सावध असावे. एकेरी थरात ६० आणि १२० हे आकडे नेहमीचे आहेत. ६० म्हणजे जाड धागा व दणकट कापड, १२० म्हणजे बारीक धागा व लवचीक कापड. पण काही जण दोन-तीन थरांचे धागे एकत्र मोजून मोठा आकडा छापतात आणि काही जण एका थराचाच आकडा देतात. श्वाल्बेचा ६७ हा आकडा दुसऱ्याच्या १२० पेक्षा कमी दिसतो म्हणून कापड कमी दर्जाचे ठरत नाही. दोन कंपन्यांचे हे आकडे थेट शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

सहावी पायरी : सापडलेली माहिती खरेदीत कशी वापरावी

निर्माता कळल्याचा फायदा तीन ठिकाणी होतो. एक, अनोळखी नावाचा टायर ओळखीच्या मोठ्या कारखान्यातून आल्याचे चांगल्या पुराव्याने कळले, तर मापाची अचूकता आणि बीडची बैठक यांबद्दल थोडा विश्वास बाळगता येतो. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेल्या, टायरमध्ये बीडचे माप फार महत्त्वाचे असते. दोन, एकाच कंपनीची दोन नावे असतील, जसे मॅक्सिस आणि सीएसटी, तर मागच्या चाकासाठी, जिथे झीज जास्त आणि मऊपणाची गरज कमी असते, तिथे स्वस्त नावाचा विचार निर्धास्तपणे करता येतो. तीन, उसन्या किंवा परवान्याच्या नावासाठी जादा पैसे मोजायचे की नाही, हे ठरवता येते.

याउलट पुढच्या चाकासाठी केवळ ‘तोच कारखाना’ या आधारावर टायर घेऊ नये. तिथे मिश्रणाचे नाव, केसिंगचे नाव, बीडचा प्रकार आणि ग्रॅममधील वजन या चार गोष्टी लिहून घ्याव्यात आणि ज्या महागड्या टायरशी त्याची बरोबरी सांगितली जाते त्याच्याशी ताडून पाहाव्यात. यांपैकी मिश्रणाचे नाव स्वस्त टायरवर दिलेलेच नसेल, तर ते साधे एकजिनसी रबर आहे असे धरून चालावे. वजनात शंभर ग्रॅमचा फरक असला तर केसिंग किंवा बीड वेगळी आहे, याबद्दल फारशी शंका उरत नाही.

टायर घरी आल्यावर तो चढवण्यापूर्वी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलावा, आणि साइडवॉलचे व वेष्टणावरील लेबलचे छायाचित्र काढून ठेवावे, कारण कागदी वेष्टण फाडून फेकले की मूळ देशाची एकमेव नोंद कधीकधी त्याच्याबरोबर जाते. चढवून हवा भरल्यावर रुंदी लगेच मोजू नये. केसिंग ताणायला एखादा दिवस लागतो, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याच दाबाला कॅलिपरने मोजावी आणि रिमची आतली रुंदीही शेजारी लिहावी, कारण तीस मिलिमीटरच्या रिमवर आणि पंचवीसच्या रिमवर तोच टायर वेगळा भरतो. पुढे तेच नाव, तेच माप पुन्हा मागवले आणि लेबलवर देश बदललेला दिसला, तर सगळी मोजणी नव्याने करावी.